ॲक्शन झाली

नांदेडच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं कंपल्सरी इंग्लिशला जाम घाबरायची. बहुतेक खेड्यांतून आलेली, एस.टी.चा पास काढून रोज ये-जा करणारी. त्यांची भीती जावी म्हणून मी एक साधा उद्योग काढला होता. दर सोमवारी फळ्यावर दहा सोपे शब्द लिहायचे आणि प्रत्येकाने घरून त्यांची दहा वाक्यं करून आणायची. शब्द मुद्दामच ओळखीचे घ्यायचो. टेबल, मार्केट, लाइन, पॉवर. म्हणजे जे शब्द ही मुलं मराठी बोलतानाही वापरतात, पण इंग्रजीत वापरायची वेळ आली की अडखळतात.

एका सोमवारी त्या दहांत 'ॲक्शन' होता.

मंगळवारी वह्या आल्या. बहुतेकांनी सिनेमातली ॲक्शन लिहिली होती, काहींनी क्रिकेटमधली बॉलिंगची ॲक्शन. एका पोराने 'ॲक्शन' आणि 'ऑक्शन' यांत गोंधळ करून 'आमच्या आडतीत रोज सोयाबीनची ॲक्शन होते' असं लिहिलं होतं. त्याला लिलावाचं स्पेलिंग समजावून सांगितलं. आणि देगलूर नाक्याकडून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं : 'माय ग्रँडफादर्स ब्रदर वेन्ट इन ॲक्शन.'

मी लाल पेनाने 'इन' खोडून 'इन्टू' केलं. व्याकरणाच्या दृष्टीने दुरुस्ती अगदी चोख होती. इंग्रजीत 'गो इन्टू ॲक्शन' असाच प्रयोग आहे. सैनिक लढाईत उतरतो तेव्हा तो वापरतात. वर मी समासात शेराही मारला, 'गुड. वॉज ही अ सोल्जर?'

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती वही घेऊन टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, ते सोल्जर नव्हते. त्यांचं दुकान होतं. लातूरला. दादी म्हणते, वो ॲक्शन में गए."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने दादीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उचललं होतं आणि मी माझ्या एका 'टू'ने दुकानात मारल्या गेलेल्या माणसाच्या हातात बंदूक दिली होती. लाज याची वाटली, की हा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. मी मूळचा लातूरकडचा. 'ॲक्शन' हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो होतो, तोही इंग्रजी आहे हे न कळता. वर्गात उभा राहिलो की मात्र मला डिक्शनरीतलेच अर्थ आठवायचे.

डिक्शनरीत काय आहे? लॅटिनमधल्या 'करणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द. कृती, क्रिया, परिणाम, कोर्टातला दावा. आणि मग, खाली कुठेतरी, लढाई. 'किल्ड इन ॲक्शन' म्हणजे रणात पडलेला, 'मिसिंग इन ॲक्शन' म्हणजे रणात बेपत्ता. आपल्या मराठीनेही हा शब्द चांगलाच रुळवून घेतला आहे. कलेक्टरसाहेब ॲक्शन घेतात, पोरं ॲक्शन मारतात, नकलाकार ॲक्शन करून दाखवतो. या सगळ्या प्रयोगांत ॲक्शनला कर्ता आहे. कोणी तरी ती घेतं, मारतं, करतं.

मराठवाड्यातली जुनी माणसं ज्या ॲक्शनबद्दल बोलत, ती मात्र कोणी करत नसे. ती 'झाली'. जसा दुष्काळ झाला, पटकी झाली, गारपीट झाली, तशी ॲक्शन झाली. आमची आजी वय, लग्न, जमिनीचे व्यवहार, सगळं त्याच खुंटीला टांगायची. "ॲक्शन झाली तवा तुझा बाप रांगू लालता." सन तिला माहीत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. विहीर ॲक्शनच्या आधीची, वाडा ॲक्शननंतरचा, धाकटी आत्या ॲक्शनच्या पुढच्या पावसाळ्यातली. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठेही त्या पिढीच्या माणसाशी बोला, कालगणनेचा हा शक सगळीकडे एकच.

तो शक १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सुरू होतो. त्या पहाटे भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला. मुख्य फळी सोलापूरहून निघाली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आलं. रणगाडे होते, विमानं होती. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ तारखेला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. लष्कराने या मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' नाव दिलं होतं. सरकारने जगाला सांगितलेलं नाव 'पोलीस ॲक्शन'.

पोलीस का? कारण 'युद्ध' म्हटलं की समोर दुसरं राष्ट्र आहे हे कबूल केल्यासारखं होतं. निजामाचं म्हणणं नेमकं तेच होतं, की हैदराबाद स्वतंत्र आहे. २९ नोव्हेंबर १९४७ ला दोघांत वर्षभराचा 'जैसे थे' करार झालेला होता आणि २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रारही गुदरली होती. परिषदेने पॅरिसमध्ये तो विषय १६ सप्टेंबरला हाती घेतला, म्हणजे रणगाडे हैदराबादच्या वाटेवर असताना. अशा वेळी घरातला दंगा आवरायला घरचाच पोलीस गेला, असं सांगणं सोयीचं होतं. गंमत अशी, की निजामाच्या राज्यातल्या खेडुताला 'पोलीस' म्हणजे अमीनसाहेब आणि त्यांच्यासोबतचे दोन-चार जवान ठाऊक. सप्टेंबरमध्ये जे आलं त्यात यांपैकी कोणीच नव्हतं. आणि पोलीस ॲक्शन आटोपल्यावर चौधुरींना जे पद मिळालं त्याचं नाव मिलिटरी गव्हर्नर! पाच दिवसांत पोलिसांचं लष्कर झालं ते असं.

पण नाव खोटं होतं म्हणून घटनाच अन्यायाची होती, असं मला म्हणायचं नाही. त्याआधीचं वर्ष-दीड वर्ष ज्यांनी काढलं त्यांना शब्दांची चिकित्सा करायला सवड नव्हती. कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या हाताखाली रझाकारांची फौज उभी राहिली आणि गावं ओस पडू लागली. बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ मध्येच गोविंदराव पानसरे मारले गेले होते. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यात गोर्टा गावात सुमारे दोनशे माणसं मारली गेली. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये हैदराबादेत भर रस्त्यात खून झाला. हे सगळं चालू असताना स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवर कॅम्प काढून बसले होते. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक त्यांनी लुटली. दिल्लीत गांधीजींचा खून झाला तो हाच दिवस. 'कॅम्प' हाही त्याच काळाचा शब्द. आमचं घर तेव्हा बार्शीला नातेवाइकांच्या गोठ्यात राहत होतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. आजी सांगायची, ॲक्शन झाली आणि आम्ही घरी आलो. तिच्या तोंडी या शब्दाला घराची चव होती.

'पोलीस ॲक्शन' हे नाव दिल्लीच्या आधी डचांनी वापरलं होतं. जुलै १९४७ मध्ये हॉलंडने इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकावर फौजा घातल्या आणि त्याला पोलिसी कारवाई म्हटलं. इंडोनेशियन लोक त्याच घटनेला डचांचं लष्करी आक्रमण म्हणतात. तेव्हा ३० जुलैला हे प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणारे देश दोन होते, ऑस्ट्रेलिया आणि भारत! स्वतःच्या स्वातंत्र्याला अजून पंधरवडा बाकी होता, तरी भारताने ही पोलिसी नव्हे, लष्करी गोष्ट आहे असं जगाला बजावलं. आणि सव्वा वर्षाच्या आत तेच नाव आपण आपल्या मोहिमेला दिलं. दोन्ही घटना सारख्या नाहीत, हेही सांगायला हवं. डच लोक गमावलेली वसाहत परत मिळवायला आले होते. हैदराबादेत प्रजेचा फार मोठा भाग भारतात यायला आसुसलेला होता. पण दोन्हींमागची शब्दांची युक्ती एकच.

पुढे १९५० च्या जूनमध्ये कोरियात अमेरिकेचं सैन्य उतरलं, तेव्हा पत्रकारांनी प्रेसिडेंट ट्रुमन यांना विचारलं की याला संयुक्त राष्ट्रांची पोलीस ॲक्शन म्हणायचं का. त्यांनी होकार दिला. ऑक्टोबरमध्ये चीनने तिथे लाखोंनी सैन्य पाठवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जनतेचे स्वयंसेवक', म्हणजे कागदावर चीन युद्धात नाहीच. हे वाचलं तेव्हा मी एकदम थांबलो. 'रझाकार' या शब्दाचा अर्थही स्वयंसेवकच. रझा म्हणजे राजीखुशी, आणि राजीखुशीने काम करतो तो रझाकार. इतका सोज्वळ शब्द आमच्याकडे पोरांना भीती घालायला वापरायचे. शब्द कुठल्या हातात पडतो त्यावर असतं सगळं.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येतो.

सरकारी हिशेबात ॲक्शन पाच दिवसांची. पण शस्त्रसंधीनंतर मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कानडी जिल्ह्यांत जे झालं ते काही आठवडे चाललं. रझाकार पळाले, पांगले, पकडले गेले. आणि त्यांचा हिशेब गावोगावच्या मुसलमानांकडून चुकता केला गेला. त्यांत विणकर होते, दुकानदार होते, शेतमजूर होते. तक्रारी दिल्लीला पोचल्यावर नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांना पाठवलं. त्यांच्यासोबत काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ असे ते संस्थानभर फिरले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा, की संपूर्ण संस्थानात ॲक्शनच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत जास्त झळ चार जिल्ह्यांना पोचली : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतला आकडा त्यांनी १८ हजारांच्या आसपास धरला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. लातूरविषयी अहवाल म्हणतो की तिथे वीस दिवसांहून अधिक काळ मारामाऱ्या चालू होत्या. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ ती. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतून तीन हजार कसेबसे उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे पळाले.

अहवालात दुसऱ्याही नोंदी आहेत. शेजारच्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना लपवलं, विणकरांनी विणकरांना वाचवलं. काही ठिकाणी सैन्याने लोकांना वाचवलं आणि काही ठिकाणी सैन्यातल्या माणसांनीच लुटीत हात धुऊन घेतले. सरदार पटेलांना हा अहवाल पसंत पडला नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा पुरेसा उल्लेख नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अहवाल दाबला गेला. ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो सगळ्यांसमोर आला तेव्हा २०१३ साल उजाडलं होतं. आकड्यांवर अजूनही वाद आहेत आणि ते असावेत. पण लातूरच्या गंजगोलाईत, सोळा रस्ते जिथे एकत्र येतात तिथे, हा विषय मी लहानपणी एकदाही ऐकला नाही. आणि रझाकारांच्या गोष्टी मात्र रोज रात्री ऐकल्या.

तारखा लावून पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. सुंदरलाल यांचा दौरा संपला २१ डिसेंबरला. डचांनी इंडोनेशियात दुसरी पोलीस ॲक्शन सुरू केली ती १९ डिसेंबरला. तिचा निषेध करायला नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. म्हणजे एकाच हिवाळ्यात दिल्लीच्या टेबलावर दोन पोलीस ॲक्शनची कागदपत्रं होती. एकीवर परिषद भरली, दुसरी कपाटात गेली. डचांनाही पुढे सत्तर वर्षं लागली. २०२२ मध्ये त्यांच्या संशोधकांनी त्या कारवायांतला अतिरेकी हिंसाचार पद्धतशीर होता असं लिहिल्यावर त्यांच्या पंतप्रधानांनी इंडोनेशियाची माफी मागितली.

मला बरेच दिवस एक कोडं होतं. इंग्रजीचा गंधही नसलेल्या आजीने हा इंग्रजी शब्द का धरून ठेवला? निजामाचं राज्य इंग्रजांचंही नव्हतं. दरबार, कोर्ट, शाळा सगळं उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं तेही उर्दू माध्यमाचं, आणि इंग्रजी शब्दांना उर्दू प्रतिशब्द घडवायला खास भाषांतराचं खातं. आमचे आजोबा मोडी आणि उर्दू वाचायचे, एबीसीडी त्यांना येत नव्हती. तरी 'ॲक्शन'ला ना उर्दू प्रतिशब्द चिकटला ना मराठी. मला वाटतं, कारण साधं आहे. प्रतिशब्द निवडला की बाजू निवडावी लागते. उर्दूत लिहिणारे त्याला 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणाले, म्हणजे हैदराबादचं पतन. मराठीत झाला 'मुक्तिसंग्राम'. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव दिलं आणि त्याची स्थापना १७ सप्टेंबरचीच, १९९४ मधली. सीमेपलीकडे कर्नाटकात तोच दिवस 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून होतो. तेलंगणात २०२२ मध्ये एकाच दिवशी केंद्राने 'मुक्ती दिन' पाळला आणि राज्याने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'. इतक्या नावांत एक 'ॲक्शन'च अशी, की जी एका आळीतून दुसऱ्या आळीत जाताना बदलावी लागत नाही. आजी आणि त्या मुलीची दादी दोघीही तोच शब्द वापरायच्या. एकीचा अर्थ दुसरीला ठाऊक होता आणि दोघींपैकी कोणीही तो बोलून दाखवायची गरज पडत नव्हती.

त्या मुलीला मी शेवटी 'इन' खोडून 'ड्युरिंग' लिहायला सांगितलं आणि 'वेन्ट'च्या जागी 'वॉज किल्ड'. तिने लिहिलं. मग विचारलं, "सर, दादीचं वाक्य चूक आहे का?" मी म्हणालो, उर्दूत बरोबर आहे, इंग्रजीत चूक. उत्तर बरोबरच होतं, पण ते देऊन मला बरं वाटलं नाही.

आमच्या घरात एक तांब्याचा हंडा होता. मोठा, जाड पत्र्याचा. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी उर्दूत काही तरी कोरलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसं. आजोबांना ते वाचता येत होतं, पण त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही. मी एकदा आजीला विचारलं, हा कुठून आणला? "ॲक्शनमधला हाये," ती म्हणाली आणि पुढे तव्यावरची भाकरी उलटू लागली. मला त्या वेळी ते उत्तर पूर्ण वाटलं. जशी विहीर ॲक्शनच्या आधीची, तसा हंडा ॲक्शनमधला. आम्ही बार्शीला होतो, गावात कोण कुणाच्या घरात शिरलं, हंडा कुणी विकला, कुणी दिला, कुणी उचलला, आता सांगणारं कोणी नाही. आजोबांबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही आणि त्यांच्या बाजूने शपथ घ्यायलाही वळत नाही.

वाटण्यांत तो हंडा लातूरला थोरल्या भावाकडे गेला आणि माळ्यावर पडला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी उरलं नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं, जलदूत. गल्लीत टँकर आला की घरातलं प्रत्येक भांडं बाहेर निघायचं. मी त्या आठवड्यात भावाकडेच होतो. वहिनीने हंडाही माळ्यावरून उतरवून, चिंच लावून लख्ख घासला आणि रांगेत ठेवला. मागे शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे चाचा दोन कॅन घेऊन उभे होते. टँकर यायला वेळ होता. त्यांनी चष्मा वर केला आणि वाकून हंड्याच्या गळ्यावरची अक्षरं वाचली.

"जनानी नाम है," ते म्हणाले. "जहेज का दिसता."

वहिनीला उर्दूचा गंध नाही. ती सहज म्हणाली, "आमच्या आजेसासूंचा आहे चाचा. ॲक्शनमधला."

"हौ," चाचा म्हणाले. "ॲक्शन का."

तेवढ्यात टँकर आला. वहिनीने नळी हंड्यात सोडली. भरल्यावर तो एकटीला उचलेना, तेव्हा एका कडीला मी धरलं आणि दुसरीला चाचांनी.